दोन चुका दुरुस्त केल्या आणि डोस आणखीनच चुकला: एका फिशटँकची पूर्ण केस

आधी शेवट सांगून टाकते म्हणजे उगाच सस्पेन्स नको. मामेभावाच्या फिशटँकमध्ये औषध टाकायचं होतं, टाकी लिटरमध्ये आणि औषधाचं लेबल गॅलनमध्ये, मग आम्ही हिशोब केला, तीन ठिकाणी चुकलो, आणि तरीही पहिला डोस जवळजवळ बरोबर पडला. नंतर आम्हाला अक्कल आली, तीनपैकी दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या, आणि दुसरा डोस ३५ टक्के जास्त गेला. दोन लोच (तळाशी राहणारे मासे) मेले. हे कसं झालं ते सगळं आकड्यांसकट लिहितेय, कारण लिटर-गॅलनचा गुणक चुकला की चुकलं एवढंच सगळे सांगतात, आमच्याकडे तर गुणक बरोबर झाल्यावर गोंधळ वाढला.

टाकी काचेची, बाहेरून १२० सेंमी लांब, ४५ रुंद, ५० उंच. बंटीने (मामेभाऊ, घरी सगळे बंटीच म्हणतात) ती घेतल्या दिवशीच टेपने मोजून वहीत लिहून ठेवलेलं, १२० गुणिले ४५ गुणिले ५० म्हणजे २,७०,००० घन सेंमी, १००० घन सेंमीचा एक लिटर, म्हणून २७० लिटर. इथवर काही अवघड नाही, मेट्रिकमध्ये लांबीवरून आकारमानावर यायला तीन शून्य खोडायची एवढंच काम. वहीत "टँक २७० लि." असं लिहिलं गेलं आणि त्या आकड्याला पुढे तीन महिने कुणी हात लावला नाही. हा आकडा लक्षात ठेवा.

मग माशांना व्हाइट स्पॉट झाला. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात आणि मासे दगडाला अंग घासत फिरतात. औषधाची बाटली कुणीतरी बंटीला आणून दिलेली, अमेरिकन माल, लेबलवर लिहिलेलं की प्रत्येक १० गॅलन पाण्याला १ टीस्पून, ४८ तासांनी पुन्हा, आणि पुन्हा देण्याआधी २५ टक्के पाणी बदला. बंटीचा फोन आला, "ताई, तू एक्सेलवाली आहेस ना, मला सांग किती चमचे टाकू." मी स्पीकरवर होते, मागून मामांचा आवाज, "अगं गॅलन म्हणजे साडेचार लिटर, आम्ही पाठच केलंय." आणि मी, शहाणपणाच्या भरात, म्हटलं मामा साडेचार नाही, नेमकं सांगायचं तर ४.५४६. दशांशाची तीन घरं सांगितली की समोरचा गप्प बसतो, तसेच मामा बसले. ४.५४६ बरोबरच आहे, पण तो ब्रिटिश गॅलन, म्हणजे इम्पिरियल. लेबलवरचा गॅलन कुणाचा हे मी विचारलंच नाही, मला वाटलं गॅलन तो गॅलन.

२७० भागिले ४.५४६ म्हणजे ५९.४ गॅलन, दहाला एक चमचा, म्हणजे ५.९४, सहा चमचे टाक म्हटलं. बंटीने घरातला छोटा चमचा घेतला आणि सहा चमचे टाकले. हा झाला पहिला डोस.

तिसऱ्या दिवशी बंटीचा पुन्हा फोन, ठिपके तसेच आहेत, औषध कमी पडतंय वाटतं. आता इथे एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती जी आधी माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या त्वचेखाली बसलेला असतो तेव्हा औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो माशावरून सुटून खाली पडतो, तिथे त्याची पिल्लं होतात, आणि ती पिल्लं पाण्यात मोकळी पोहायला लागतात तेव्हाच औषध त्यांना मारतं. म्हणूनच डोस पुन्हा पुन्हा द्यायचा असतो. दिसणारे ठिपके दोन-तीन दिवसांत जात नाहीत, पाणी थंड असेल तर अजूनच वेळ लागतो. म्हणजे ठिपके तसेच राहणं हा डोस कमी असल्याचा पुरावा नव्हताच. पण आम्ही तो पुरावा धरला आणि चूक शोधायला बसलो, आणि शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच.

सापडलं ते असं. मी बंटीला म्हटलं बाटलीचा फोटो पाठव, सगळ्या बाजूंनी. पुढच्या बाजूला खाली बारीक अक्षरात १६ फ्लुइड औंस आणि त्याच्याच शेजारी ४७३ मिली असं छापलेलं. अमेरिकेत दुकानातल्या बऱ्याचशा पॅकबंद मालावर दोन्ही मापं छापायची सक्ती आहे, १९६६ च्या लेबलिंगच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून. तर ४७३ ला १६ ने भागलं की २९.५६ येतात, म्हणजे हा औंस साधारण २९.५७ मिलीचा, म्हणजे अमेरिकन. ब्रिटिश औंस २८.४१ मिलीचा असतो, तसले १६ औंस भरले असते तर बाटलीवर ४५५ मिली दिसलं असतं. आणि अमेरिकन गॅलनमध्ये १२८ औंस, २९.५७ गुणिले १२८ म्हणजे ३७८५ मिली. आला की गॅलन! ३.७८५ लिटर. बाटलीवरच उत्तर छापलेलं होतं आणि आम्ही मामांच्या पाठांतरावर गेलो होतो. गॅलन कुणाचा हे लेबलवर क्वचितच लिहिलेलं असतं, पण शेजारी मिली असतील तर एका भागाकारात कळतं, ही युक्ती मला तरी तेव्हाच सुचली.

थोडं विषयांतर करते, कारण दोन गॅलन का झाले हे मला त्या रात्री जागून वाचावं लागलं आणि वाचलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी एकच गॅलन नव्हता, वाइनचा वेगळा, एल नावाच्या बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. १७०७ मध्ये राणी ॲनच्या काळात वाइनचा गॅलन २३१ घन इंच असा कायद्याने ठरला, आणि अमेरिकेने पुढे तोच धरला. १८२४ मध्ये ब्रिटिशांनी सगळे जुने गॅलन मोडीत काढून एकच इम्पिरियल गॅलन आणला, ठरावीक तापमानाचं दहा पौंड पाणी मावेल तेवढा, पण तोवर अमेरिका वेगळी झालेली असल्यामुळे त्यांनी काही बदललं नाही. १९५९ मध्ये इंच नेमका २.५४ सेंमी असं ठरल्यापासून २३१ घन इंच म्हणजे नेमके ३.७८५४११७८४ लिटर, ही मोजणी नाही, व्याख्याच आहे. इम्पिरियलची आजची व्याख्या ४.५४६०९ लिटर. गंमत अशी की अमेरिकन औंस ब्रिटिश औंसापेक्षा ४ टक्के मोठा आणि अमेरिकन गॅलन मात्र ब्रिटिशपेक्षा १७ टक्के लहान, कारण पिंट म्हणजे दोन्हीकडे गॅलनचा आठवा भाग, पण ब्रिटिश पिंटमध्ये २० औंस आणि अमेरिकन पिंटमध्ये १६. त्यामुळे "अमेरिकन मापं लहान असतात" असलं काही डोक्यात धरून ठेवलंत तर औंसाच्या वेळी नेमके उलटे जाल. वर अमेरिकेत कोरड्या मालाचा म्हणून अजून एक गॅलन आहे, २६८.८ घन इंचांचा, ४.४०५ लिटर, तो आज व्यवहारात कुणी वापरत नाही पण कन्व्हर्टरच्या यादीत तो दबा धरून बसलेला असतो, आणि बंटीने एकदा तोच निवडला होता आणि मला विचारत होता ताई ६१.३ कसे काय आले.

तर आता आमच्याकडे खरा गुणक होता. २७० भागिले ३.७८५ म्हणजे ७१.३ गॅलन. मी तरी पुन्हा तपासलं, कारण एकदा तोंडावर पडले होते. एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्ये गॅलनसाठी जीएएल लिहिलं की ते अमेरिकनच धरतं, त्याने ७१.३३ दिलं. मग तिसऱ्या रस्त्याने, अमेरिकन मासेवाले करतात तसं, सगळं इंचात नेलं, ४७.२४ गुणिले १७.७२ गुणिले १९.६९, भागिले २३१. ७१.३५, म्हणजे पुन्हा तेच. (मामांनी मध्येच २,७०,००० ला एकदाच २.५४ ने भागून पाहिलं आणि लाखाच्या वर घन इंच काढले. अहो मामा, तिन्ही बाजूंना भागायचं, एक घन इंच म्हणजे १६.३९ घन सेंमी, २.५४ नाही. ही चूक इतके जण करतात की मामांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.)

तीन रस्त्यांनी एकच आकडा आल्यावर माणूस निर्धास्त होतो. आम्ही झालो. पण तिन्ही रस्ते सुरू कुठून झाले? वहीतल्या १२०, ४५, ५० वरूनच. मी तीनदा तपासलं ते रूपांतर, ज्याचं रूपांतर केलं ती गोष्ट एकदाही तपासली नाही.

बंटी म्हणाला चमच्याचाही भरवसा नाही ताई, माझ्याकडे ५ मिलीची सिरिंज आहे. शाबास म्हटलं. टीस्पून अमेरिकन हिशोबाने ४.९३ मिलीचा, लेबलं लिहिताना तिथे सरळ ५ धरतात, त्यामुळे सिरिंज अगदी योग्य. ७१.३ गॅलन म्हणजे ७ टीस्पून, सात वेळा ५, ३५ मिली. २५ टक्के पाणी बदललं आणि ३५ मिली टाकलं. दोन चुका गेल्या, आम्ही खूश.

अडीच तासांनी फोन. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले भराभर हलतायत, लोच तळाशी आडवे. असल्या बऱ्याच औषधांत फॉर्मलिन असतं, ते पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, आणि लोचसारखे ज्यांचे खवले नसल्यासारखेच असतात ते मासे आधी झोपतात. मी म्हटलं हवेचा पंप फुल कर आणि अर्धं पाणी काढ, आत्ता.

आणि ह्या धावपळीत तिसरी चूक बाहेर आली, आपोआप, कुणी शोधत नसताना. जेवढं पाणी काढू तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी परत टाकायचं होतं, म्हणून बंटी बादल्या मोजत होता. बादली १० लिटरच्या रेघेपर्यंत. अर्धं म्हणजे २७० चं अर्धं १३५, साडेतेरा बादल्या. आणि खूण म्हणून त्याने काचेवर पाण्याच्या उंचीच्या निम्म्यावर चिकटपट्टीही लावलेली, पाणी ४४ सेंमी होतं म्हणून तळापासून २२ वर. मी फोनवर ऐकतेय, आठ, नऊ, दहा, आणि मग गप्प. मी विचारलं काय झालं रे. म्हणाला, "अगं ताई, पट्टी आली." कितवी बादली? "अकरावी, तीसुद्धा पूर्ण नाही भरली." पावणेअकरा बादल्या, म्हणजे १०७-१०८ लिटर. साडेतेराच्या जागी पावणेअकरा.

पाणी कुठे गेलं म्हणून मी क्षणभर खरंच बुचकळ्यात पडले, बादलीवरची रेघ चुकीची असेल असंही मनात आलं. मग पेटलं डोक्यात. पाणी कुठे गेलं नव्हतं, ते मुळात तिथे कधी नव्हतंच.

माशांचं आधी सांगते, पाणी बदलल्यावर तासाभरात बरेचसे सावरले, दोन लोच सकाळी गेलेले होते. त्या सकाळी मी बंटीकडे गेले आणि टाकी नीट मोजली.

काच १० मिलीमीटर जाडीची. दोन्ही बाजूंची एकेक सेंमी गेली की आतली लांबी ११८, रुंदी ४३, आणि तळाची काच धरून उंची ४९. तेवढ्यानेच २७० चे २४८.६ झाले, म्हणजे नुसत्या काचेने २१ लिटर खाल्ले. एक सेंमीची काच आठ टक्के खाईल असं वाटत नाही, पण रुंदी ४५ ची ४३ झाली म्हणजे तिथेच साडेचार टक्के गेले आणि तिन्ही बाजूंचं मिळून गुणत जातं. मग पाणी कुणी काठोकाठ भरत नाही, वर ५ सेंमी रिकामं. तळाचं क्षेत्रफळ ११८ गुणिले ४३ म्हणजे ५०७४ चौरस सेंमी, गुणिले ४४, म्हणजे २२३.३ लिटर. अजून २५ गेले.

मग खडी. तळाला ५ सेंमीचा थर, २५.४ लिटर जागा, पण खडीच्या फटींत पाणी असतं त्यामुळे सगळी वजा करून चालत नाही. हे कसं मोजलं ते सांगते कारण मला त्यात मजा आली. उरलेली कोरडी खडी एका मापाच्या जगमध्ये १ लिटरच्या खुणेपर्यंत भरली, हलवून सपाट केली, आणि दुसऱ्या जगने मोजून पाणी ओतत गेलो जोवर पाणी खडीच्या बरोबरीला येत नाही. ४०० मिली गेलं. म्हणजे फटी ४० टक्के, दगड ६० टक्के, २५.४ च्या ६० टक्के म्हणजे १५.२ लिटर पाण्याची जागा खडीने अडवलेली. मोठे दगड एकेक करून भरलेल्या बादलीत बुडवले आणि सांडलेलं पाणी खालच्या टबातून मोजलं, सगळे मिळून ८.१ लिटर. २२३.३ वजा १५.२ वजा ८.१, बरोबर २००. इतका गोल आकडा आल्यावर मला आधी संशयच आला, पण बादल्यांशी ताडून पाहिलं तर जमतं. वरच्या निम्म्या भागात काच-ते-काच १११.६ लिटर, त्यातून तिथवर आलेल्या दगडांचे तीन-साडेतीन गेले, उरले १०८. पावणेअकरा बादल्या.

टाकीत २०० लिटर पाणी. ५२.८ अमेरिकन गॅलन. ७१.३ नाही आणि ५९.४ पण नाही.

शेवटी चमचा. बंटीने पहिल्या दिवशी वापरलेला चमचा शोधून काढला, दहा वेळा पाण्याने काठोकाठ भरून मापाच्या कपात ओतला, ४० मिली झाले. म्हणजे चमचा ४ मिलीचा. एकदाच भरून मोजू नका, एका चमच्यात अर्धा मिली इकडेतिकडे होतोच, दहाची बेरीज घेतली की चूक विभागली जाते.

आता हिशोब मांडते. खरा डोस हवा होता ५२.८ भागिले १० गुणिले ४.९३, म्हणजे २६ मिली. पहिल्या दिवशी गेले ६ गुणिले ४, २४ मिली, म्हणजे फक्त ८ टक्के कमी, औषधाच्या दृष्टीने काहीच नाही. दुसऱ्या वेळी गेले ३५, म्हणजे ३५ टक्के जास्त, शिवाय पहिल्या डोसमधला जो काही उरलासुरला होता तो वेगळाच.

पहिल्या दिवशी काय झालं होतं बघा. बाहेरून मोजल्यामुळे पाणी १.३५ पट धरलं. ब्रिटिश गॅलनमुळे गॅलनची संख्या ०.८३ पट झाली. चमचा लहान म्हणून ०.८१ पट. तिघांचा गुणाकार केला की ०.९१ येतो, आणि ५.९४ चे ६ चमचे केले त्याने तो अजून थोडा वर सरकला. एक चूक वर ओढत होती, दोन खाली ओढत होत्या, आणि दोरी जवळजवळ मध्ये थांबली होती. आम्ही खाली ओढणाऱ्या दोघींना सोडवलं. वरची एकटी उरली आणि तिने ३५ टक्के ओढलं. चुका सुधारल्या नसत्या तर लोच वाचले असते, हे लिहायला विचित्र वाटतं पण आकडे तेच सांगतात.

बंटी मला म्हणाला की मग पहिलंच बरोबर होतं ना. नाही रे बाबा. तेच औषध, तोच चमचा, पण समजा टाकीत खडी-दगड नसते आणि वरपर्यंत पाणी असतं, तर तोच हिशोब बराच कमी पडला असता. ते लॉटरी लागल्यासारखं होतं, त्याला पद्धत म्हणत नाहीत.

माझं एक मत ह्यात पक्कं झालं. आपण प्रत्येक वेळी टाकीचे लिटर गॅलनमध्ये नेतो आणि मग चमच्यात आणि मग मिलीमध्ये, म्हणजे मेट्रिकमधून निघून अमेरिका फिरून पुन्हा मेट्रिकमध्ये येतो. कशाला? लेबल एकदाच मेट्रिकमध्ये आणा. १० गॅलनला १ टीस्पून म्हणजे ३७.८५ लिटरला ४.९३ मिली, म्हणजे दर १० लिटरला १.३ मिली. संपलं. २०० लिटरला २६ मिली, तोंडी. उद्या पाणी कमी-जास्त झालं तर फक्त १.३ ने गुणायचं, गॅलनचं तोंड बघायला नको. लेबल बदलत नाही, टाकी बदलते, म्हणून जे बदलत नाही त्याचं रूपांतर करून ठेवायचं.

दशांशाचंही बोलते, कारण ह्या केसमध्ये मीच दशांश फेकून मामांना गप्प केलं होतं. ३.७८५४११७८४ मधले पहिले दोन आकडे पुरतात. ३.७८५ च्या जागी ३.८ घेतलं तर फरक ०.४ टक्के, २६ मिलीमध्ये ०.१ मिली, सिरिंजच्या रेघेवर दिसणारही नाही. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर पाव टक्का फुगतं, तेही सोडून द्या. पण रुंदी मोजताना टेप एका सेंमीने सरकला की सव्वादोन टक्के गेले. गुणकाला नऊ दशांश आणि टेप अंदाजपंचे, असा उद्योग मी केला होता.

आणि डोक्यातल्या डोक्यात पडताळा हवा असेल तर लिटरची चौथाई करा आणि वर पाच-सहा टक्के टाका, अमेरिकन गॅलन येतात. २०० ची चौथाई ५०, वर तीनेक, ५३. चौथाई का, तर गॅलनमध्ये चार क्वार्ट आणि क्वार्ट लिटरपेक्षा जरासा लहान, ०.९४६. ब्रिटिश हवे असतील तर लिटरला ०.२२ ने गुणा, ४४. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवले की कुठला लेबलशी जुळतो ते बघायची आठवण तरी होते. फोनवर पहिल्या दिवशी मी एवढं जरी केलं असतं तरी दोन आकडे का येतात हा प्रश्न तिथेच उठला असता. अर्थात तेव्हा फक्त गॅलन सुधारला असता आणि २७० तसेच राहिले असते, त्यामुळे फार काही भाव खाण्यासारखं नाही त्यात.

पुढचा डोस दोन दिवस थांबून दिला, २६ मिली, तोही अर्धा सकाळी अर्धा संध्याकाळी, पंप चालू ठेवून. मासे वर आले नाहीत. ठिपके त्यानंतर आठवड्याभरात गेले आणि परत आले नाहीत. मामांनी चष्मा लावून बाटली स्वतः वाचली, ४७३ भागिले १६ स्वतः केलं, आणि म्हणाले आमच्या वेळचा गॅलन मोठा होता, काहीही म्हण. त्यावर मी काही बोलले नाही, कारण ते बरोबरच होतं.

बंटीने आता टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या रेघेवर, एक कागदी पट्टी चिकटवलीय, "पाणी इथपर्यंत = २०० लि. (५२.८ अमेरिकन गॅलन), औषध १.३ मिली / १० लि." वहीतलं २७० खोडलं नाही, त्याच्यापुढे "काचेबाहेरून" एवढंच लिहिलं. परवा त्याने सगळ्यात मोठा दगड काढून टाकला आणि मला फोटो पाठवला, टाकी छान मोकळी दिसतेय म्हणून. मी विचारलं दगड केवढा होता. पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला, दगड बादलीत, खाली टब, टबातलं पाणी मापाच्या जगमध्ये, २.९ लिटर. पट्टीवर २०० खोडून २०३ केलं होतं.